नावडीचं माप

दोन हजार तेवीस साली, आषाढ सरता सरता, रेणापूरजवळच्या शेषेरावांचा उजवा हात गेला. गेला म्हणजे अंगालाच होता, पण नसल्यासारखा. सकाळी गोठ्यात वैरण टाकताना पेंडी हातातून सुटली, ती उचलायला वाकले ते उठेनात. मुलानं, शिवशंकरनं, जीपमध्ये घालून लातूरला नेलं. दवाखान्यातून परत आले तेव्हा वाकडं झालेलं तोंड सरळ झालं होतं, पाय ओढत का होईना चालत होता, बोलणं तर आधीपेक्षा वाढलंच होतं. फक्त उजवा हात कोपरापासून खाली निजून राहिला.

त्यांच्या बायकोला, सिंधुबाईंना, लोक धीर द्यायचे. "जिवावर आलं ते हातावर गेलं म्हणा काकू. शेती शिवा बघतोय, घरात सून हाय. म्हाताऱ्याला आता हात कशाला लागतोय?"

सिंधुबाई मान हलवायच्या, पण त्यांना ठाऊक होतं, हा हात साधा नव्हता. पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा झाला की तो आधी शेषेरावांकडे यायचा. ते दलाल नव्हते. चहा आणि पान यापलीकडे त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. पण देवणी असो की लाल कंधारी, बैलाच्या चालीवरून त्याचं पोट, त्याचा राग आणि त्याची उमर सांगणारा तो माणूस होता. आणि बैलबाजारात खरा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा दस्तीखाली हात घालतात, म्हणजे हातरुमालाखाली, आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. वरून काय वाट्टेल ते बोलावं, आरडाओरडा करावा, निघून जायचं सोंग करावं. दस्तीखाली बोटानं सांगितलं ते मात्र खरं. त्यावरून फिरणाऱ्याला बाजारात कुणी उभं करत नाही. आणि हे काम उजव्याच हाताचं. डाव्या हातानं जनावर ना कुणी देत, ना घेत.

म्हणून हात गेल्यापासून शेषेराव बाजारात गेलेच नव्हते. कुणी बोलवायला आलं की म्हणायचे, "आता कशाला? ट्रॅक्टर घ्या की." आणि तो माणूस गेला की भिंतीकडे तोंड करून निजायचे.

श्रावणात शिवशंकरनं बातमी आणली. लातूरच्या एका उपचार केंद्रात हात हलवायला शिकवणारा रोबोट आला होता. नवीन होता, अजून अभ्यासच चालला होता, त्यामुळे मोजक्याच लोकांना घेणार होते. शेषेरावांनी नाक मुरडलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे सिंधुबाई उठल्या तेव्हा नवरा अंघोळ करून, एका हातानं धोतर कसंबसं गुंडाळून ओसरीवर बसलेला.

"अवो, एवढ्या पहाटं?"

"एसटी चुकती," ते म्हणाले. "मला काय जायाची हौस न्हाई. शिवानं नाव घातलंय, पोराचा शब्द खाली पडू नये."

केंद्रात डॉक्टर दयानंद होते, पन्नाशीतले, हळू बोलणारे. आणि साक्षी नावाची एक मुलगी होती. ती मूळची कंधारकडची, नांदेडला राहून मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. सिंधुबाईंनी तिला विचारलं, "माय, तुझं इथं काम काय?"

"काकू, रोबोटबद्दल लोकांच्या मनात किती नावड आहे ते मी मोजते."

"नावड? आन् ती मोजती कशानं?"

"प्रश्न विचारून. एकेक वाक्य वाचून दाखवते. अजिबात पटत नसेल तर एक, पूर्ण पटत असेल तर पाच. मधलं वाटलं तर मधला आकडा. लोक आपापलं लिहितात, मी बेरीज करते."

सिंधुबाईंना गंमत वाटली. आपल्या सासूला हे माप लावलं असतं तर किती भरलं असतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

बाकीच्यांनी आपापल्या हातानं लिहिलं. शेषेरावांना लिहिता येत नव्हतं, हात निजलेला, म्हणून साक्षीनं वाक्यं मोठ्यानं वाचली. तीही तिथंच, रोबोटच्या पुढ्यात. एका बाजूला डॉक्टर उभे, दुसऱ्या बाजूला यंत्र चालवणारा इंजिनिअर. रोबोट म्हणजे खांबावर बसवलेला एक लांब हात, त्याला पंजासारखा मोजा, आणि वर एक चौकोनी पाटी. पाटीवर दोन डोळे उघडझाप करत होते.

"नमस्कार आजोबा," पाटी बोलली. "आज आपण मूठ उघडायचा सराव करूया का?"

"पुण्याचं दिसतंय," शेषेराव म्हणाले.

मग पाय ओढत त्यांनी रोबोटला एक फेरी मारली. खाली वाकून चाकं बघितली. सांध्यावर डाव्या हातानं टकटक केलं. मागून बघितलं, पुढून बघितलं. सिंधुबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पाहत होत्या. किती दिवसांनी नवऱ्याच्या डोळ्यांत ती चमक आली होती. त्यांना एकदम बरं वाटलं, आणि त्या बऱ्या वाटण्यात पुढं काय झालं तिकडं त्यांचं लक्षच राहिलं नाही.

साक्षीनं वाचलं, "असं यंत्र जवळ असलं तर मला अवघडल्यासारखं होईल."

"पाच! अवघडल्यासारखं? अगं, माणूस घाबरून मरंल. चाकं बघ कशी, एक इकडं एक तिकडं."

"यंत्र आपल्यावर हुकूम चालवील अशी मला भीती वाटते."

"पाच. आत्ताच मूठ उघडा म्हनून राहिलंय, उद्या म्हनंल भांडी घासा."

"यंत्राच्या हाती माझा हात द्यायला माझं मन तयार होणार नाही."

"पाच. ह्या लोखंडाच्या? सांधे खडखडतेत. रंग उडाल्याला. कुणाचं जुनं तुमच्या गळ्यात मारलंय डॉक्टरसाहेब, खरं सांगा."

इंजिनिअरचा चेहरा पडला. साक्षी आकडे लिहीत गेली. शेवटी तिनं विचारलं, रोबोट नसला आणि नुसता रबरी चेंडू दाबायचा व्यायाम दिला तर? शेषेरावांनी चेंडू डाव्या हातात घेऊन गोंजारला. "वा! लई छान चेंडू. ह्याला नाव ठेवायला जागा न्हाई."

आठवडाभरानं साक्षीचा फोन आला. आवाज ओशाळलेला होता. "काकू, काकांचं नाव गाळलंय. ज्यांच्या मनात यंत्राबद्दल फार नावड असते ते लोक मधूनच सोडून जातात, म्हणून एका मर्यादेच्या वर असलेल्यांना घेत नाहीत. काकांचं माप सगळ्यांत जास्त आलं. त्यांना चेंडूचा व्यायाम दिलाय. तो आवडला ना त्यांना?"

सिंधुबाईंनी फोन ठेवला आणि त्या ओट्यापाशी तशाच उभ्या राहिल्या. मग कपाळावर हात मारून घेतला.

त्यांना बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा आठवला. भोकरकडच्या त्यांच्या माहेरी शेषेराव मुलगी बघायला आले होते. पोहे तोंडात घातले आणि म्हणाले, खारट हायत. सिंधूकडं बघून म्हणाले, बुटकी दिसती. निघताना म्हणाले, घराचं तोंडबी बरोबर न्हाई. आई मागल्या दारी जाऊन रडायला लागली. पण सिंधूच्या वडिलांनी उभी हयात बाजारात काढली होती. ते हसतच आत आले. "रडू नको गं. ज्याला घ्यायचं नसतंय तो गोड बोलून जातो. हा तर बाजारातल्यागत नावं ठेवून राहिलाय. गिऱ्हाईक पक्कं हाय." तिसऱ्या दिवशी होकार आला होता. पन्नास वर्षं झाली, त्या माणसानं सिंधुबाईंच्या एका भाजीला चांगलं म्हटलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाच्या हातची खाल्ली नव्हती.

ही गोष्ट त्यांनी आतल्या खोलीत जाऊन फोनवर साक्षीला सांगितली. साक्षी हसली, पण तिला पटलं नाही. "काकू, नाव गाळलं की सगळेच असं म्हणतात हो. आम्हाला तसं म्हणायचंच नव्हतं, म्हणतात. मी आकडा कशाच्या जोरावर बदलू?"

"बदलू नको. तू एकदा हाळीच्या बैलबाजाराला ये. डोळ्यानं बघ, मग तुझं तू ठरव."

शेषेरावांना न्यायला मात्र निमित्त लागलं. शेजारच्या रामलिंगला एक खोंड घ्यायचा होता. तो येऊन हातापाया पडला, "दादा, तुम्ही नुसतं बघा, हात मी घालतो." सिंधुबाईही जीपमध्ये चढल्या, उदगीरला बहिणीकडं जायचंय म्हणून. साक्षी बाजारात भेटली. शेषेरावांनी तिला पाहून भुवया चढवल्या.

"काय गं, आता बैलांची नावड मोजायला आलीस?"

"हो काका. बैल काय म्हणतात बघू."

तिथं नागप्पा भेटले. देवणी तालुक्यातले, शेषेरावांचे बाजारातले जुने जोडीदार. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायची त्यांची सवय. "बरी बरी, या या!" म्हणून त्यांनी शेषेरावांना मिठीच मारली. "मेलास म्हणून ऐकलं होतं."

"तुझ्या आधी? तुला लई घाई."

पहिल्या खोंडापाशी शेषेराव थांबले. पाठीवर डावी थाप मारली. "वा, काय रूप हाय! राजाच्या दारात शोभंल." खोंडाच्या मालकानं खिन्नपणे दावं आवळलं आणि दुसरीकडं पाहायला लागला. साक्षीला कळेना. पुढं एक पांढरा खोंड होता, काळ्या कानांचा. तिथं शेषेराव थबकले, मागं सरले, परत आले. "शिंगं अशी काय रं ह्याची? एक बघतंय औशाला, एक उदगीरला. आन् खांदा? ह्याला खांदा म्हणत्यात? पाय तर उसने आणल्यागत." ऐकता ऐकता मालकाचा चेहरा फुलत गेला. त्यानं पोत्यावर बसायला जागा केली आणि चहा सांगितला.

"ह्यांना राग नाही आला?" साक्षीनं हळूच विचारलं.

नागप्पा पोट धरून हसले. "राग? इल्ला इल्ला! इतकी नावं ठेवली म्हणजे घेणारच की. बाई, बाजारात चांगलं म्हणलं म्हणजे राम राम म्हणलं."

साक्षीच्या डोळ्यांपुढं बहुधा तो गोंजारलेला चेंडू आला असावा.

मग सौद्याची वेळ आली. मालकानं आपली दस्ती झटकून पुढं केली आणि जुन्या सवयीनं ती शेषेरावांपुढंच धरली. शेषेरावांचा उजवा खांदा हलला. खांदाच हलला, हात मांडीवर तसाच राहिला. मालकानं ते पाहिलं, आणि लाजून दस्ती नागप्पांकडं वळवली. रामलिंगच्या वतीनं नागप्पांनी हात घातला, सौदा झाला, हळद-कुंकू आणायला रामलिंग धावला. शेषेराव खोंडाच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले, कुणाला तोंड दिसू नये असे. सिंधुबाईंनी पाहिलं. साक्षीनंही पाहिलं.

चहाच्या टपरीवर बसल्यावर साक्षी बराच वेळ नागप्पांच्या खांद्यावरच्या दस्तीकडं बघत होती. मग म्हणाली, "मामा, दस्तीखाली खोटं बोलत नाहीत ना?"

"कोण बोलंल? जीभ काय, दाताखाली फिरती. बोटं फिरत न्हाईत."

"बोटं पाचच असतात."

"तुझ्याकडं जास्त हायत का?"

साक्षी हसली, पण थांबली नाही. तिनं दस्ती मागून घेतली आणि शेषेरावांपुढं बसली. "काका, मागच्या वेळी आपण सगळ्यांसमोर, यंत्राच्या मालकासमोर बोललो. ती माझी चूक झाली. आज दस्तीखाली सांगा. अजिबात पटत नसेल तर माझं एक बोट धरायचं, पूर्ण पटत असेल तर पाची."

शेषेरावांनी मान फिरवली. "डाव्या हातानं?"

सिंधुबाईंना वाटलं, झालं, आता उठून जातील. तेवढ्यात नागप्पा म्हणाले, "अरे शेषा, हा सौदा हाय का? चौकशी हाय ही. उजवा गेलाय झोपायला. त्याला उठवायला डावाच जाणार की, दुसरं कोण जाईल?"

शेषेरावांनी इकडं तिकडं पाहिलं आणि डावा हात दस्तीखाली सरकवला.

साक्षी वाक्यं हळू आवाजात वाचत होती. सिंधुबाईंना फक्त दस्ती हलताना दिसत होती. वरून शेषेरावांची बडबड चालूच. "भंगार हाय ते. चाकं बघितली का? कुणीबी असलं घेणार न्हाई." आणि खाली दस्ती इतकीशी हलायची, एखाद्या बोटाएवढी. साक्षी एका हातानं लिहीत होती आणि तिचे ओठ दाबून धरलेले होते. एकाच प्रश्नाला दस्ती चांगली फुगली. सगळे प्रश्न संपल्यावर तिनं कागदावर नसलेला एक प्रश्न विचारला.

"काका, तुम्हाला ते यंत्र हवंय का?"

शेषेरावांची बडबड एकदम थांबली. दस्ती उचलली गेली आणि मग तशीच राहिली, कितीतरी वेळ. टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला, तरी ती खाली आली नाही. साक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे मी डॉक्टरांना सांगू?" तिनं विचारलं.

"ठरलं की सांगायचंच असतंय," शेषेराव म्हणाले. "चहा पाणचट हाय."

डॉक्टर दयानंदांनी सगळं ऐकून घेतलं, पण आधीचा आकडा पुसू दिला नाही. म्हणाले, "दोन्ही मापं राहू देत. कोणतं खरं ते आज मी ठरवणार नाही. अभ्यासात त्यांना घेता येणार नाही, नियम तो नियम." सिंधुबाईंनी निघायला पिशवी उचलली. मग डॉक्टर म्हणाले, "पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत यंत्र रिकामं असतं. त्या वेळी कुणी आलं तर मी काही बघत नाही."

तेव्हापासून दुपारची एसटी ठरलेली झाली. सिंधुबाई डबा घेऊन बरोबर जायच्या. डाव्या हातानं शेषेराव उजवा हात उचलून मोज्यात ठेवायचे, आणि यंत्र हलक्यानं बोटं उघडायचं, मिटायचं. पण काही दिवसांत म्हातारा खट्टू दिसायला लागला. सिंधुबाईंनी खोदून विचारलं.

"ते सारखं म्हणतंय, छान आजोबा, फार छान आजोबा. त्याला मी नकोय वाटतं."

साक्षी हसून हसून वाकली. मग तिनं इंजिनिअरला सांगून ते कौतुकाचं बोलणं बंद करायला लावलं. यंत्र आता फक्त म्हणायचं, "अजून थोडं. हे कमी पडतंय. पुन्हा." शेषेरावांची कळी खुलली. "आता कसं, कामाचं बोलतंय," म्हणाले आणि दात-ओठ खाऊन बोटांना जोर लावायला लागले.

एकदा साक्षीही त्यांच्याच बसनं निघाली होती, तेव्हा सिंधुबाईंनी तिला विचारलं, तो एक प्रश्न कोणता होता, ज्याला दस्ती फुगली? साक्षी शेषेरावांकडं बघत राहिली. त्यांनी मान डोलावली तेव्हा म्हणाली, "यंत्रं आली की माणसं माणसांकडं जायची बंद होतील, असं वाक्य होतं. त्याला काकांनी पाची बोटं धरली."

"मग? त्यात काय खोटं हाय?" शेषेराव म्हणाले. "बैल घ्यायला चार माणसं लागत्यात. ट्रॅक्टर घ्यायला एकटाच जातो शोरूमला."

दिवाळी होऊन थंडी पडली होती. केंद्रात दुपारी दोघांशिवाय कुणी नव्हतं. यंत्र म्हणालं, "हे कमी पडतंय. पुन्हा," आणि बंद पडलं, लाईट गेली होती. शेषेरावांचा हात मोज्यातून काढून पुसावा म्हणून सिंधुबाईंनी त्याखाली आपला हात घातला, वर पदर आला. आणि त्यांच्या तर्जनीभोवती काहीतरी आवळलं. आधी अंगठा. मग एक बोट. मग मधलंही. घट्ट नाही, तान्ह्या पोरानं धरावं तसं. त्या हलल्याही नाहीत.

"हात लई खरबरीत झालाय तुझा," शेषेराव म्हणाले.

"हो का," सिंधुबाई म्हणाल्या, आणि डब्यातली भाकरी तशीच राहिली.

त्या हिवाळ्यात शेषेराव माळेगावच्या यात्रेतल्या बैलबाजाराला गेले. अंगठा आणि दोन बोटं एवढंच परत आलं होतं. लोकांनी त्यांच्यापुरती दस्तीखालची भाषा बदलून घेतली, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. नागप्पांनी पुढच्या वर्षी बाजार सोडला. आता बीदरला मुलीकडं असतात आणि फोनवर जावयाच्या गाडीला नावं ठेवतात. रामलिंगचा खोंड चांगला निघाला. डॉक्टर दयानंद निवृत्त होऊन औशाजवळ शेतात राहायला गेले. यंत्र दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्राला दिलं. साक्षीला पीएच.डी. मिळाली, ती नांदेडला कॉलेजात शिकवते, आणि खेड्यात प्रश्न विचारायला जाणाऱ्या मुलांना आधी दोन बाजार फिरवून आणते. शिवशंकरनं ट्रॅक्टर घेतला. तो आणायला मात्र बापाच्या हट्टापायी शोरूमला चौघं जण गेले.

आणि सिंधुबाई रोज सकाळी ओसरीवर बसून नवऱ्याच्या उरलेल्या दोन बोटांना कोमट तेल लावतात. ती आता हलणार नाहीत, हे दोघांनाही माहीत आहे. तेल लावून होईपर्यंत ऊन पायरीवर येतं.